चार ठिपक्यांवरचा खटला

“अडॅप्टिव्ह? ती वाकड्यातिकड्या इमारतीवाल्यांची चैन. आपल्याला सोसायट्या काढायच्यात.” पुण्या-मुंबईतल्या ज्या कार्यालयांत दिवसभर रेव्हिट हे इमारतींची मॉडेलं करायचं सॉफ्टवेअर उघडं असतं, तिथे हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. म्हणणारा बहुधा अनुभवी असतो. दोन-चार मोठे प्रकल्प त्याने पार पाडलेले असतात, त्यामुळे समोरचा नवशिका मुकाट्याने मान डोलावतो आणि तीच भिंत, तीच खिडकी मॉडेलमध्ये बसवत राहतो. अशा वाक्याकडे कुणी पुरावा मागत नाही. ते म्हणणाऱ्याच्या वयावर खपतं.

पुरावा मागितला तर ते टिकत नाही. त्यात थोडं खरं आहे आणि ते मान्य करावंच लागेल. पण अडॅप्टिव्ह घटकांवर जे दोष ठेवले जातात, त्यातले बरेचसे ते बनवणाऱ्याच्या हाताचे आहेत. तव्यावर पोळी करपली म्हणून कुणी तवा फेकून देत नाही.

आधी आरोपी कोण ते पाहू. बीआयएममध्ये, म्हणजे इमारतीच्या माहिती-मॉडेलिंगमध्ये, इमारत रेघांनी न काढता वस्तूंनी रचतात. दार म्हणजे दार, खांब म्हणजे खांब, आणि प्रत्येकाला आपली लांबी, साहित्य, किंमत ठाऊक असते. रेव्हिटमध्ये या वस्तूंच्या साच्याला ‘फॅमिली’ म्हणतात. साधी फॅमिली तयार कपड्यासारखी असते. दाराची रुंदी 900, उंची 2100 मिलिमीटर असं माप ठरवून ती येते आणि भिंतीत बसते. माप बदलायचं तर आकडा बदलायचा. अडॅप्टिव्ह घटक माप घेऊन येत नाही. त्याच्याकडे असतात क्रमांक दिलेले ठिपके. वापरणाऱ्याने ते ठिपके जागेवर टेकवले की तो घटक त्यांच्यात स्वतःला ताणून, वळवून, तिरका करून बसवतो.

महाराष्ट्रात हे समजावून सांगायला वेगळं उदाहरण शोधायला नको. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी पडतात, रेघा नंतर येतात. कोणता ठिपका कोणाला जोडायचा हे हाताला ठाऊक असतं. अंगण उताराचं असलं, ठिपके थोडे लांब पडले, तर कमळ पसरतं. जवळ पडले तर आक्रसतं. कमळ मात्र कमळच राहतं. आकार मोडत नाही, कारण तो अंतरांत साठवलेला नसून नात्यांत साठवलेला असतो. अडॅप्टिव्ह घटक बनवणं म्हणजे ही नाती लिहून ठेवणं.

हे कालपरवाचं फॅड आहे, असंही म्हटलं जातं. पण इव्हान सदरलँडने 1963 साली एमआयटीत ‘स्केचपॅड’ हे संगणकावर रेखाटायचं साधन दाखवलं, तेव्हाच त्यात एक मूळ आकृती आणि तिच्या अनेक प्रती अशी सोय होती. मूळ बदललं की प्रती आपोआप बदलत. रेषांवर अटी घालता येत आणि त्या अटी पाळून संगणक आकृती सावरून घेई. त्याच सुमारास, 1960 मध्ये, इटालियन वास्तुकार लुइजी मोरेत्तीने मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात स्टेडियमांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. प्रेक्षकाला कुठून किती दिसतं, या गणितातून त्यांचे आकार निघाले होते. पुढे 1988 मध्ये ‘प्रो-इंजिनियर’ या प्रणालीने यंत्रांच्या भागांसाठी हेच तत्त्व बाजारात आणलं. ती प्रणाली काढणाऱ्या कंपनीत काम केलेल्या लिओनिड राइझ आणि अर्विन युंगराइस यांनी 1997 मध्ये नवी कंपनी थाटली. तिचं सॉफ्टवेअर म्हणजे रेव्हिट, 2000 साली बाजारात आलेलं. ऑटोडेस्कने 2002 मध्ये ही कंपनी 13 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली. ‘रेव्हिट’ हे नावच ‘लगेच दुरुस्त करा’ अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांतून घडलेलं आहे. एक जागा बदलली की बाकीचं आपोआप बदलावं, हा या सॉफ्टवेअरचा जन्मापासूनचा हट्ट. अडॅप्टिव्ह घटक रेव्हिट 2011 मध्ये आले, ते त्याच हट्टाचं पुढचं पाऊल म्हणून. ज्यांना अडॅप्टिव्ह म्हणजे उपरं काहीतरी वाटतं, त्यांनी ज्या घरात ते राहतात त्याचा पाया एकदा पाहावा.

आता मुख्य आरोप: ही वाकड्या इमारतींची चैन आहे.

वाकड्या इमारतींचाच इतिहास याच्या उलट सांगतो. सिडनीच्या ऑपेरा हाउसची कवचं सुरुवातीला कोणत्याही सरळ भूमितीत बसत नव्हती. प्रत्येक कवच वेगळं, म्हणजे प्रत्येक बरगडीचा साचा वेगळा. हे परवडणारं नव्हतं आणि बांधता येण्यासारखंही नव्हतं. तिचा वास्तुकार योर्न उटझॉनने 1961 मध्ये तोड काढली: सगळी कवचं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायची, त्रिज्या सुमारे 75 मीटर. वक्रता सगळीकडे सारखी झाल्यामुळे बरगड्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांतून पुन्हा पुन्हा ओतता आले. लंडनमधली वास्तुकार फॉस्टर यांची ‘30 सेंट मेरी ॲक्स’, लोक जिला काकडी म्हणतात, तिच्या अंगावर खरोखर वक्र असं काचेचं तावदान एकच आहे, अगदी टोकावरचं भिंग. बाकी सगळी तावदानं सपाट. वाकडी इमारत सपाट तुकड्यांत कशी सोडवायची, यातच सगळी अक्कल आहे. ज्याला चैन म्हणतात ती मुळात काटकसर होती.

त्याच फॉस्टर यांनी ब्रिटिश म्युझियमच्या अंगणावर 2000 साली काचेचं छप्पर घातलं. त्यात 3,312 तावदानं, आणि एकासारखं दुसरं नाही. ख्रिस विल्यम्स या अभियंत्याने त्या जाळीची भूमिती गणिताने बसवली. तिथे त्रिकोण निवडण्याचं एक कारण शाळकरी मुलालाही समजेल. तीन ठिपके कसेही टाका, ते एका पातळीत बसतातच; चारपायी स्टूल उंचसखल फरशीवर डुगडुगतं, तिपाई डुगडुगत नाही. रेव्हिटमध्ये चार ठिपक्यांचं तावदान करणारा हे विसरला की पडद्यावर सुंदर दिसणारी काच कारखान्यात पिळदार निघते. सपाट काच पिळायची तर खर्च वाढतो आणि फुटण्याची भीतीही वाढते. अडॅप्टिव्ह घटकाने चौथा कोपरा टेकवताच हा प्रश्न समोर येतो. साध्या आयताकृती फॅमिलीत तो लपून राहतो, आणि लपलेला प्रश्न साइटवर भेटतो.

पण असल्या प्रसिद्ध इमारती बाजूला ठेवल्या तरी हा खटला कोसळतो. सोसायटी काढणाऱ्यालाही तिरकस प्लॉट भेटतोच. महापालिकेच्या रस्त्याने एक कोपरा खाल्लेला असतो, दुसऱ्या बाजूला नाला वळलेला असतो. त्या कडेने कंपाउंड भिंत, तिच्यावरची जाळी, वरून खाली उतरणारा रॅम्प, रॅम्पचा कठडा, पार्किंगवरची तिरकी शेड, हे सगळं सरळ रेषेत कधी असतं? चढत्या रॅम्पच्या कठड्याचा प्रत्येक गाळा वरच्या-खालच्या दोन टोकांत बसणारा चौकोन असतो आणि वळणावर त्यातला एकही काटकोन उरत नाही. तिथे सर्रास काय होतं? बारा फॅमिल्या बनतात, नावं ‘कठडा-1’, ‘कठडा-2’, ‘कठडा-2-नवीन’, ‘कठडा-2-नवीन-अंतिम’. रॅम्पचा उतार बदलला की बाराही पुन्हा. चार ठिपक्यांचा एक अडॅप्टिव्ह गाळा हे काम रॅम्प सरकल्याबरोबर स्वतः करतो.

मेट्रोचा व्हायाडक्ट, म्हणजे खांबांवरून जाणारा मार्ग, हे तर याहून ठोस उदाहरण. नागपूर मेट्रो उभारताना महामेट्रोने बीआयएमचा पाच मितींचा वापर केला. मॉडेलला वेळापत्रक जोडलं आणि खर्चही जोडला. अशा मॉडेलमध्ये तुकड्याला आपलं खरं माप ठाऊक नसेल, तर त्याच्याशी जोडलेला रुपया खोटा ठरतो. व्हायाडक्ट वळतो तेव्हा काय होतं, याचं साधं गणित करून पाहावं. वळणाची त्रिज्या 200 मीटर, खोक्यासारख्या सेगमेंटची रुंदी 8 मीटर, मधोमध लांबी 3 मीटर. आतली कड भरते 2.94 मीटर, बाहेरची 3.06 मीटर. फरक 12 सेंटिमीटर, एका सेगमेंटमागे. आयताकृती फॅमिली एकापुढे एक रचली तर ती एकतर आत एकमेकांत घुसते किंवा बाहेर फटी सोडते. त्यात चढ-उतार आणि रुळांचा बाहेरच्या बाजूचा उंचावा मिसळला की हाताने जुळवणं म्हणजे शिक्षाच. म्हणूनच रेव्हिटमध्ये पूल आणि व्हायाडक्ट रचणाऱ्यांत अडॅप्टिव्ह ही रुळलेली वाट आहे. मार्गरेषेवर ठिपके घ्यायचे, सेगमेंट त्यांवर टेकवायचे. यात चैन कुठे आहे, ते आरोप करणाऱ्याने दाखवावं.

दुसरा आरोप जरा हुशार आहे. तो म्हणतो, गणिताने आकार घडवायला रेव्हिटसोबतचं डायनॅमो आहे, राइनो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं ग्रासहॉपर आहे. मग रेव्हिटच्या या जुन्या साच्यात हात कशाला घालायचा? आकार शोधायला ग्रासहॉपर अधिक मोकळं आहे, हे निर्विवाद. डेव्हिड रुटेनच्या त्या साधनाने 2007 पासून एका पिढीला विचार करायला शिकवलं. पण डायनॅमो रेव्हिटमध्ये शेवटी ठेवतं काय? त्यातला एक नेहमी वापरला जाणारा नोड ठिपक्यांची यादी घेतो आणि प्रत्येक संचावर एक अडॅप्टिव्ह घटक बसवतो. राइनो रेव्हिटच्या आत चालवण्याची सोय आता आहे, तिथेही अडॅप्टिव्ह घटक बसवायला वेगळं साधन दिलेलं आहे. गणित तिकडे होतं, वस्तू इकडे जन्मते. गॅस आला म्हणून पातेलं कुणी भंगारात काढत नाही. उलट शेगडी जितकी मोठी, पातेलं तितकं धड हवं. ज्याच्या अडॅप्टिव्ह फॅमिलीत ठिपक्यांचा क्रम गोंधळलेला आहे, त्याची डायनॅमोची स्क्रिप्ट कितीही देखणी असली तरी तावदानं उलटी बसणारच.

क्रमाचा मुद्दा इथे थोडा विस्ताराने घ्यायला हवा, कारण बदनामीचं खरं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. घटक बनवताना संदर्भबिंदू टाकून ते ‘अडॅप्टिव्ह’ केले की प्रत्येकाला क्रमांक मिळतो. घटक मॉडेलमध्ये बसवताना ठिपके त्याच क्रमाने टेकवायचे असतात. एकाने घड्याळाच्या दिशेने टेकवले, दुसऱ्याने उलट, तर एकाची काच बाहेर तोंड करते आणि दुसऱ्याची आत. पाचशे तावदानांच्या भिंतीत असे दहा-पंधरा उलटे कोपरे सापडले की माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. चूक मात्र कागदावर एक बाण काढून ‘इथून सुरुवात, उजवीकडे वळा’ न लिहिण्याची असते.

दिशेचंही तसंच. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचे तीन अक्ष असतात, आणि ते कुणाला मानतील हे आपण ठरवतो: ज्या पृष्ठभागावर टेकलंय त्याला, की संपूर्ण प्रकल्पाच्या उभ्या-आडव्या दिशेला. ही निवड पडद्यावर क्षुल्लक दिसते. पण तिरक्या छतावरचा उभा टेकू समजा. पृष्ठभागाला मानायला सांगितलं तर तो छताला लंब उभा राहील, म्हणजे ओळंब्याला तिरका. प्रकल्पाच्या दिशेला मानायला सांगितलं तर ओळंब्यात उभा राहील, पण छताला लंब नसेल. दोन्ही बरोबर असू शकतात. फॅब्रिकेटरला कोणतं हवंय ते आधी विचारायला हवं. साइटवरच्या मिस्त्रीला ओळंबा लावून पाहायची सवय असते. मॉडेल करणारा मात्र हा ओळंबा चुकून सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडतो आणि मग “अडॅप्टिव्ह काहीतरी करतं” अशी तक्रार करतो.

तिसरी तक्रार जडपणाची. ही खरी आहे. ब्रिटिश म्युझियमसारख्या छताचं मॉडेल करताना प्रत्येक त्रिकोणी तावदानाच्या तीन कोपऱ्यांत नट-बोल्टसकट तीन क्लँप घुसवले, तर 3,312 तावदानांसोबत 9,936 क्लँप मॉडेलमध्ये उतरतात. संगणक मान टाकणारच. म्हणून शहाणा माणूस क्लँपच्या जागी एक बिंदू किंवा साधा ठोकळा ठेवतो आणि नट-बोल्ट एका नमुना तावदानात, डिटेल ड्रॉइंगसाठी राखतो. जिथे खिडक्या आयताकृती आणि एकसारख्या आहेत, तिथे अडॅप्टिव्ह वापरणं तर निव्वळ मूर्खपणा आहे. त्या बाबतीत अनुभवी मंडळींचं म्हणणं बिनशर्त मान्य.

“बनवणारा नोकरी सोडून गेला की फॅमिलीला हात लावायची सोय राहत नाही,” हेही ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहे. पण हा आरोप एकट्या अडॅप्टिव्हवर कसा बसेल? सूत्रं भरलेली एक्सेलची शीट मागे ठेवून गेलेला माणूसही असाच छळतो. उपाय कंटाळवाणा आहे: पॅरामीटरना अर्थ असलेली नावं, ठिपके शक्य तितके कमी, आणि फॅमिली प्रकल्पात सोडण्याआधी मुद्दाम वेड्यावाकड्या ठिपक्यांवर बसवून पाहणं. सरळ चौकोनावर सगळंच बसतं. फॅमिलीची खरी परीक्षा टोकदार, जवळजवळ चपट्या झालेल्या चौकोनात होते. आठ ठिपक्यांची फॅमिली पाहून बनवणाऱ्याची हुशारी दिसते, चार ठिपक्यांची पाहून समज दिसते.

या घटकांचा जो गुण सर्वांत कमी वापरला जातो, त्याकडे टीकाकार ढुंकूनही पाहत नाहीत. अडॅप्टिव्ह घटकाला आपलं माप परत कळवता येतं. दोन ठिपक्यांमधल्या अंतराला ‘रिपोर्टिंग पॅरामीटर’ लावला की घटक स्वतः सांगतो, “माझी लांबी इतकी.” एवढंच नाही, ठिपक्यांमधलं ते अंतर सूत्रातही वापरता येतं. शेडच्या कैचीतला तिरका टेकू घ्या. लांबी 2 मीटरच्या आत असेल तर एक सेक्शन, पुढे गेली तर जाड सेक्शन, ही अट फॅमिलीच्या आत लिहिता येते. कैची सरकली, टेकू लांबला, सेक्शन आपोआप जाड झाला. लांबीचा तो पॅरामीटर शेअर्ड केलेला असला की शेड्युलमध्ये नवी लांबी उमटते आणि तोच आकडा थेट कटिंग लिस्टमध्ये जातो. अभियंत्याचा निर्णय मॉडेलमध्येच बसलेला राहतो. तो कुणाच्या तरी वहीत किंवा ईमेलमध्ये हरवत नाही. एरवी हेच काम शेवटच्या आठवड्यात, रात्री जागून, टेपने मापं घेतल्यासारखं एकेक टेकू निवडून केलं जातं, आणि त्यातले दोन-तीन सुटतातच.

आयएफसी या देवाणघेवाणीच्या फाइल-स्वरूपाचा मुद्दाही काढला जातो. मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरला देताना आयएफसीत आकार आणि माहिती जाते, वागणूक जात नाही. आणि ‘जेनेरिक मॉडेल’ या मूळ वर्गातच ठेवलेला अडॅप्टिव्ह घटक पलीकडे ‘प्रॉक्सी’ या बेवारस नावाने उतरतो. बरोबर. पण वागणूक तर कुठल्याच फॅमिलीची पलीकडे जात नाही, साध्या दाराचीही नाही. आणि वर्ग बदलणं हे फॅमिली बनवताना सुरुवातीलाच करायचं काम आहे. ते कुणी करत नसेल तर दोष कुणाचा?

एक आक्षेप मात्र उरतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. रेव्हिटचा हा कोपरा कंपनीने गेली कित्येक वर्षं फारसा झाडलेला नाही. ठिपके पृष्ठभागावर टेकवताना अजून अडखळायला होतं, आणि चूक झाली की रेव्हिट दाखवतं ते संदेश वाचून काय चुकलं हे बनवणाऱ्यालाही चटकन उमगत नाही. ब्रिटनमधल्या नामांकित वास्तुसंस्थांनी, त्यात झाहा हदीद आणि ग्रिमशॉ यांच्याही संस्था होत्या, 2020 च्या जुलैमध्ये ऑटोडेस्कला खुलं पत्र लिहिलं. रेव्हिटची किंमत वाढते आहे, सुधारणा मात्र कूर्मगतीने होते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पत्र वाचून “बघा, मोठेही कंटाळले” असं इथले टीकाकार म्हणतील. मोठ्यांनी तक्रार केली ती रोज वापरून, हात पोळल्यावर. न वापरता नाक मुरडणाऱ्याला त्या पत्राखाली सही करायचा अधिकार नाही.

म्हणून ज्यांना हा खटला पुढे चालवायचाच आहे, त्यांनी आधी एक काम करावं. आपल्या हातातल्या प्रकल्पातला सगळ्यात त्रासदायक तिरका तुकडा घ्यावा: रॅम्पचा कठडा, शेडचा टेकू, वळणावरची कंपाउंडची जाळी, काहीही. जेनेरिक मॉडेल अडॅप्टिव्हची टेम्प्लेट उघडावी, चार ठिपके टाकावेत, क्रम लिहावा, दिशा ठरवावी, लांबी कळवणारा पॅरामीटर लावावा. शिकत शिकत केलं तरी एक दुपार पुरते. मग रॅम्प दोन वेळा सरकवून पाहावा. ती टेम्प्लेट रेव्हिट 2011 पासून टेम्प्लेटांच्या संचात पडून आहे, आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.